बोअर खाली जातो, हिशेब वर राहतो

(पाणीप्रश्नावरच्या पाडा-बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर. बैठकीला येता आलं नाही त्यांनी वाचावा. वाचता येत नाही त्यांना पोरांनी वाचून दाखवावा.)



जमिनीचा दावा आपण कसा भरला ते आठवा. हद्द कुठून कुठवर, ते आपण स्वतः चालून दाखवलं. शेताला दोरी लावली, जुनी झाडं दाखवली, म्हाताऱ्यांचे जबाब लिहिले. साहेब लिहील तेवढीच जमीन, असं मानलं नाही. आज पाण्याचं बोलायचंय, पण रीत तीच. ज्याचं मोजमाप आपण करतो, त्याचाच जाब आपल्याला विचारता येतो.

विहीर खोदली तर वाकून बघता येते. बोअर म्हणजे सहा इंचांचं भोक. आत किती फूट गेलं, पाईप किती उतरवले, काही दिसत नाही. मशीन संध्याकाळी येतं, रातभर घरघर करतं, पहाटे निघून जातं. मागं उरते दगडाची भुकटी. बिल मात्र फुटांवर निघतं. ठेकेदाराची सगळी कमाई या न दिसणाऱ्या फुटांत आहे. म्हणून मशीन चालू असताना पाड्याची माणसं तिथं जागी पाहिजेत. नंतर ओरडून उपयोग नाय.

आधी मशीन येण्यापूर्वीचं बघू. सरकारी बोअर असेल तर ग्रामपंचायतीत दोन कागद मागा: अंदाजपत्रक आणि कार्यारंभ आदेश. खोली किती, केसिंग किती, हापसा कोणता, ओटा बांधायचा की नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

जागेवरूनही खेळ होतो. ठेकेदार म्हणतो, "पाड्यावर गाडी चढत नाय," किंवा "फॉरेस्टवाला अडवतो," आणि बोअर रस्त्याच्या कडेला मारून मोकळा होतो. त्याचं डिझेल वाचलं, पण बायांच्या डोक्यावरचा हंडा तसाच राहिला. नीट ऐका: 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3 (2) मध्ये सरकारी योजनेतल्या पिण्याच्या पाण्याच्या सोयीसाठी वनजमीन देण्याची तरतूद आहे. जागा 1 हेक्टरपेक्षा कमी हवी, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. बोअरला जागा लागते एका झोपडीएवढी. तेव्हा ठराव आधीच करून वनखात्याकडे द्या आणि पोच घ्या. मग "फॉरेस्ट अडवतं" हे कारण ठेकेदाराला देता येणार नाही.

आता मशीन आलं. चार माणसं नेमा, त्यात दोन बाया पाहिजेतच. हापशावर दांडा कोण मारतं? बायाच ना? मग मोजायलाही बायाच पाहिजेत. त्यांच्याकडे एक वही, एक टेप, एक बॅटरी.

पहिलं काम रॉड मोजण्याचं. मशीनचा रॉड किती फुटांचा आहे, ते जमिनीवर असतानाच टेप लावून बघा. सगळ्या मशीनचे रॉड सारखे नसतात. एक रॉड खाली गेला की वहीत एक रेघ. समजा रॉड 20 फुटांचा आहे आणि रेघा 9 झाल्या, तर बोअर 180 फूट. बिलात 300 आले तर 120 फूट चोरी. गाडी गेल्यावर, हापसा बसण्याआधी, पुन्हा खात्री करता येते. मजबूत दोरीला दर 10 फुटांवर गाठ मारा, टोकाला लोखंडाचा तुकडा घट्ट बांधा, हळू सोडा आणि गाठी मोजा.

दुसरं केसिंग. वरचा मुरूम आणि भुसभुशीत थर ढासळू नये म्हणून हा पाईप घालतात. तो घट्ट पत्थरात जाऊन बसला पाहिजे. अर्ध्यावर सोडला तर पावसाळ्यात माती आत येते, पाणी गढूळ होतं, बोअर बुजतो. इथं चोरी दोन्हीकडून होते, घालतात कमी आणि लिहितात जास्त. पाईप उतरण्याआधी मोजा आणि वहीत लिहा.

तिसरं पाणी. फवारा उडाला की पोरं नाचतात, ठेकेदार म्हणतो भरपूर लागलं. फवाऱ्यावर जाऊ नका, तो हवेच्या दाबाने उडतो. पाणी एका पन्हळीने वळवून बादलीत घ्या. 15 लिटरची बादली 15 सेकंदांत भरली तर मिनिटाला 60 लिटर, तासाला 3,600 लिटर. थोडा वेळ जाऊ द्या, पुन्हा मोजा. दुसरा आकडा खरा धरा.

चौथं हापशाचे पाईप. गावोगाव जो हापसा बसवतात, त्याचा आतला एक पाईप 3 मीटरचा, म्हणजे साधारण 10 फुटांचा असतो. दिवाळीत पाणी वर असतं, म्हणून चार पाईप घातले तरी हापसा चालतो. ठेकेदार तेवढेच घालतो. होळीनंतर पाणी खाली उतरतं, हापसा खडखडतो, आणि आपण म्हणतो बोअर आटला. बोअर आटलेला नसतो, पाईप अपुरे असतात. म्हणून पाईपही मोजा.

हे सगळं जुळलं तरच सही. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर कोऱ्या जागी अंगठा उठवू नका. आकडे लिहिल्यावर, मोठ्याने वाचून घेतल्यावरच सही. जुळलं नाही तर त्याच कागदावर लिहा, "आमच्या मोजणीत इतके फूट." नंतर मोजमाप पुस्तिकेची नक्कल काढा आणि आपल्या वहीशेजारी ठेवा.

पट्ट्याच्या जमिनीवर कोणी स्वतःच्या पैशाने बोअर घेत असेल तर जास्तच सांभाळा. तिथं साहेब नसतो, एजंट असतो. तो फुटाचा भाव स्वस्त सांगतो. केसिंगचा वेगळा, अमुक फुटांच्या पुढे वाढीव भाव, गाडीभाडं, हे काम झाल्यावर सांगतो. सगळे भाव आधी कागदावर घ्या, खाली दोघांच्या सह्या आणि साक्षीदार. किती फुटांवर थांबायचं ते घरात आधी ठरवा. रात्री दोनला "अजून पन्नास फूट, पाणी लागेलच" असं तो म्हणतो तेव्हा माणूस बैल विकायला तयार होतो. पाणी लागेल असं वचन कोणीच देऊ शकत नाही, पाणाड्याही नाही. आणि सगळे पैसे आधी देऊ नका.

एक गोष्ट मात्र सांभाळा. गाडीवरची पोरं लांबून, कितीतरी तामिळनाडूतून, पोटासाठी आलेली मजूर असतात. आपलं भांडण त्यांच्याशी नाही, त्यांना भाकरी द्या. जाब ठेकेदाराला आणि एजंटला विचारायचा.

शेवटचं. पाणी लागलं नाही म्हणून भोक उघडं सोडून जाऊ देऊ नका. उघड्या बोअरमध्ये पोरं पडून मेल्यामुळे सुप्रीम कोर्टाने 2010 साली आदेश दिले. सोडलेला बोअर तळापासून वरपर्यंत माती-दगडांनी भरायचा, चालू बोअरला घट्ट झाकण लावायचं. झाकण बसेपर्यंत गाडी हलू देऊ नका.

आजच्या बैठकीत एवढंच ठरवू: प्रत्येक पाड्याने चार नावं द्यायची, एक वही आणि एक टेप घ्यायची. आपल्याकडे जे बोअर आधीच झालेत, तेही दोरी टाकून मोजायचे. पुढच्या महिन्यात सगळ्या वह्या एकत्र आणू आणि त्या घेऊन पंचायत समितीवर जाऊ.

जिंदाबाद!