छंद आणि चिठ्ठी



एखादा माणूस आपलं नेमाचं काम सांभाळून भलत्याच गोष्टीच्या नादी लागला, की घरातून पहिला शब्द ऐकू येतो तो ‘नसती उठाठेव’. शेजारीपाजारी म्हणतात, ‘घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!’ मास्तरांनी जुनी नाणी जमवायला सुरुवात केली, एखाद्या शेतकऱ्यानं ओढ्यातल्या रंगीत गारगोट्या कोनाड्यात मांडल्या, किंवा पोस्टातल्या कारकुनानं सुट्टीचा दिवस पाखरं बघण्यात घालवला, तर लोक हसतात. पोटापाण्याचं काम एक आणि मनाची ओढ भलतीकडेच, हे त्यांना कोडं वाटतं. या दुसऱ्या ओढीबद्दल, म्हणजे छंदाबद्दल, आज चार गोष्टी बोलायच्या आहेत. छंद वाया जात नाही असं माझं म्हणणं आहे. पण त्याला एक अट आहे. ती शेवटाकडे सांगतो. आधी काही माणसं पाहू.

पुण्यात बाजीराव रस्त्यालगत ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ आहे. नाव ऐकून कोणाला वाटेल, हे कोणी संस्थानिक असावेत. तसं नाही. दिनकर गंगाधर केळकर यांचा घरचा व्यवसाय चष्म्यांचा. आवड कवितेची, ‘अज्ञातवासी’ या नावानं ते कविता लिहीत. आणि व्यवसाय व कविता यांच्या पलीकडे त्यांना तिसराच नाद लागला, तो जुन्या वस्तूंचा. वस्तू तरी कोणत्या? हिरेमाणकं नव्हेत. अडकित्ते, दिवे, दौती, कुलपं, पाय घासायच्या वज्री, कुंकवाचे करंडे, वाड्यांचे कोरीव दरवाजे. तुमच्याआमच्या आज्या ज्या वस्तू रोज हाताळत आणि नवं भांडं घेताना मोडीत देऊन टाकत, त्याच. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांचा राजा नावाचा मुलगा सात वर्षांचा असताना गेला. त्याचंच नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. पुढं हा वीस हजारांवर वस्तूंचा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. 1990 साली केळकर वारले, पण संग्रह आहे. आज शाळेतली मुलं तिथं अडकित्त्यांचं कपाट बघतात, तेव्हा त्यांना कळतं, की सुपारी कातरण्याच्या साध्या हत्यारालाही आपल्या कारागिरांनी मोराचं, घोड्याचं रूप दिलं होतं.

आता दुसरे गृहस्थ घेऊ. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म 1907, गोव्यातला. पेशानं गणिताचे प्राध्यापक. आधी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. गणितातलं संख्याशास्त्र वापरून पाहायला काहीतरी सामग्री हवी, म्हणून ते जुन्या नाण्यांकडे वळले. चांदीची, ठसे मारलेली, दोन हजार वर्षांपूर्वीची नाणी. त्यांच्यावर राजाचं नाव नाही, साल नाही. मग कोणतं आधीचं आणि कोणतं नंतरचं, हे ओळखायचं कसं?

कोसंबींनी केलं काय, तर तराजू घेतला. अगदी बारीक वजन दाखवणारा तराजू घेऊन हजारो नाणी एकेक करून तोलली. यामागचा विचार कोणाही दुकानदाराला पटेल असा आहे. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. जितकं अधिक फिरेल तितकं हलकं होईल. एका नाण्याच्या वजनावरून काही ठरत नाही, पण शेकडो नाण्यांची सरासरी काढली की जुनं कोणतं आणि नवं कोणतं याचा क्रम लावता येतो. तक्षशिलेला सापडलेल्या नाण्यांत त्यांना असं दिसलं, की पाठीमागं जितके जास्त ठसे, तितकं सरासरी वजन कमी. म्हणजे तपासणाऱ्यांनी वेळोवेळी मारलेले ते ठसे नाण्याचं वय सांगत होते. नाण्यांमागून ते पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पालथ्या घालू लागले. तिथं अश्मयुगातल्या माणसांची दगडी पात्यांची बारीक हत्यारं त्यांनी वेचली. 1956 साली भारतीय इतिहासावरचा त्यांचा ग्रंथ आला आणि इतिहासाच्या अभ्यासकांना या गणितज्ञाची दखल घ्यावी लागली. छंदानं मुख्य विद्येला धक्का लावला नाही. मुख्य विद्येनं छंदाला तराजू दिला.

इथं कोणी म्हणेल, ही तर मोठी माणसं, शहरातली. बरं, मग मिरजेला जाऊ. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवीत. ते नाटककारही होते. पण त्यांचा जीव गुंतला पटवर्धन सरदारांच्या जुन्या दप्तरात. मोडी लिपीतली हजारो पत्रं. शाळेचे तास सांभाळून ती वाचायची, निवडायची, तारखा लावायच्या आणि छापायची, असा उद्योग त्यांनी वर्षानुवर्षं केला. त्यातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ खंडामागून खंड निघाला. उत्तर पेशवाईचा इतिहास लिहिणाऱ्याला आजही ते खंड उघडावे लागतात. अशी किती दप्तरं वाड्यांच्या माळ्यांवर वाळवीनं खाल्ली आणि किती वाण्याच्या पुड्यांना गेली, त्याचा हिशोब कोणाजवळ नाही. मिरजेच्या दप्तराला एक शिक्षक भेटला म्हणून ते बोलू लागलं.

छंदाचं असं कौतुक चाललं असताना एक इशारा द्यायला हवा. प्रत्येक छंदातून ग्रंथ किंवा संग्रहालय निघालंच पाहिजे, असा आग्रह धरू नये. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचं उदाहरण घ्या. पाखरं हे त्यांच्या आयुष्याचं काम. पण त्यांना दुसरं वेड होतं मोटारसायकलींचं. वेगवेगळ्या बनावटीच्या कितीतरी गाड्या त्यांनी हौसेनं वापरल्या. 1950 साली स्वीडनमधल्या उप्साला इथं पक्षिशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा आपली सनबीम गाडी ते युरोपात घेऊन गेले आणि तिच्यावर बसून हिंडले. त्यांचं वय तेव्हा पन्नाशी ओलांडलेलं. या वेडातून पक्षिशास्त्रात भर पडली नाही, आणि पडायची गरजही नव्हती. माणूस ताजातवाना राहिला, एवढं पुरे. घरच्या माणसांचं पोट मारून छंद चालू नये, हे मात्र खरं. छंद आपल्या मालकीचा असावा, आपण छंदाच्या मालकीचे होऊ नये.

पण ज्याचा छंद जमवण्याचा आहे, त्याच्यावर एक जबाबदारी येते. सुरुवातीला म्हटलेली अट ती हीच. जमवलेल्या प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी हवी. वस्तू काय आहे, कुठल्या गावी मिळाली, कोणाकडून मिळाली, केव्हा मिळाली, एवढ्या चारच ओळी. चिठ्ठी असलेला अडकित्ता सांगतो, की मी अमुक गावच्या अमुक लोहारानं घडवला, अमुक घरात तीन पिढ्या चाललो. चिठ्ठी नसलेला अडकित्ता संग्राहकाच्या डोळ्यांपुढं बोलतो, पण तो माणूस गेला की मुका होतो. मग मुलं ते सगळं पोत्यात भरतात आणि मोडीच्या भावानं विकतात. त्यात मुलांचा दोष नाही. त्यांना कोणी सांगितलंच नाही. वस्तूंचा ढीग आणि वस्तूंचा संग्रह यांत फरक आहे तो या चिठ्ठीचा.

याला धरूनच कायद्याच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नांगरताना किंवा पाया खणताना पुरलेलं धन, नाण्यांचा हंडा, असं काही सापडलं, तर ते आपसांत वाटून घेऊ नये, सोनाराकडे नेऊन आटवू नये. दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असा कायदा 1878 पासून आहे. हंडा फुटून नाणी दहा घरी गेली, की कोसंबींसारख्याचा तराजूही काही करू शकत नाही. दुसरी गोष्ट, पाखरांची अंडी किंवा रानातली जनावरं हा जमवायचा विषय नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला मनाई आहे. पाखरं वहीत जमवावीत; तारीख, जागा आणि काय पाहिलं ते लिहून.

आणि वही म्हटल्यावर शिक्षकबंधूंना व भगिनींना एक सुचवावंसं वाटतं. संग्रहाला पैसा लागतो, जागा लागते, म्हणून आपण कचरतो. पण सगळ्यांत मोलाची एक वस्तू फुकट मिळते. ती म्हणजे शब्द. साने गुरुजी शाळामास्तर होते, देशासाठी तुरुंगात गेले, कथा-कादंबऱ्या लिहिल्या. आणि तेवढ्यातूनही त्यांनी बायाबापड्यांच्या तोंडच्या ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ या नावानं प्रसिद्ध केल्या. जातं थांबलं तरी त्या ओव्या कागदावर राहिल्या. तुमच्या गावात विहिरीवरची मोट बंद होऊन कितीतरी वर्षं झाली असतील. इंजिन आलं, विजेचा पंप आला, कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण मोटेबरोबर नाडा, सोंदूर, थारोळं, धाव हे शब्दही निघाले आहेत. आठवीतल्या मुलाला विचारा, सोंदूर म्हणजे काय? सांगता येणार नाही. त्याच्या आजोबांना विचारा, ते हातवारे करून सगळी मोट उभी करतील.

तर वर्गातल्या प्रत्येक मुलानं घरच्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून दहा शब्द आणावेत. नांगराच्या भागांची नावं, जुन्या बियाण्यांची नावं, शेतांची नावं, वाऱ्यांची नावं. पुढं चिठ्ठी असावी, शब्द कोणी सांगितला आणि कधी. तीस मुलांचे तीनशे शब्द झाले. पाच वर्षांत शाळेजवळ एक कोश तयार होईल, आणि तो दुसऱ्या कुठल्याही कपाटात सापडणार नाही. मात्र हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. आजोबांच्या तोंडचे शब्द आजोबा आहेत तोवरच घेता येतात.