बालकांची अंगकाठी व अंगचपळाई

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत दिलेलें व्याख्यान)



या मंगल प्रसंगीं आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेविषयीं बोलण्यास आमच्याहून अधिकारी वक्ते येथें उपस्थित आहेत. आम्हां बालवर्गाच्या शिक्षकांस बोलावयाचें आहे तें तीन ते सहा वर्षांच्या आपल्या लेंकरांविषयीं. मुलाच्या शरीरांत चरबी किती व स्नायू किती, आणि त्यास धांवणें, उडी मारणें, तोल सांभाळणें कितपत साधतें, या दोहोंचा संबंध काय, हा आमचा विषय आहे.

गुटगुटीत बाळ म्हणजे निरोगी बाळ, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. बाप्तिस्म्यास आलेला प्रत्येक पाहुणा बाळाच्या गालांवरूनच आईचें कौतुक करतो. परंतु वजनाचा कांटा केवळ वजन सांगतो. तें चरबीचें कीं स्नायूंचें, हें त्यास कळत नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांशीं केली व तिचे निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध केले. आपलीं बालकें सरासरी २.७ किलो भरलीं, तर तिकडचीं ३.५ किलो. आपल्या बालकांचे दंड व पोट बारीक होते. मात्र पाठीच्या कातडीखालील चरबी त्या मानानें फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसण्यांत कृश असलेल्या बाळाच्या अंगींहि चरबीचा वांटा मोठा व स्नायूंचा लहान असूं शकतो.

याचा हालचालींशीं संबंध कसा येतो तें पाहूं. लंगडी घालतांना मूल आपल्या सर्व शरीराचा भार एका पायावर उचलतें. उचलण्याचें काम स्नायू करतात. चरबी भारांत भर घालते, पण उचलण्यास हातभार लावीत नाहीं. म्हणून उडी, लंगडी, धांव व तोल यांत अधिक चरबीचीं मुलें बहुधा मागें पडतात, असें अनेक पाहण्यांत आढळलें आहे. मणी ओंवणें किंवा चेंडू फेंकणें यांत सर्व देह उचलावा लागत नाहीं. तेथें हा फरक पुष्कळच कमी दिसतो. उलट, ज्याच्या अंगीं पुरेसें अन्नच लागलें नाहीं, त्याचे स्नायू दुबळे राहतात व तेंहि लौकर दमतें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत पांच वर्षांखालील शंभरांपैकीं सुमारें ३५ मुलें वयाच्या मानानें उंचींत खुंटलेलीं होतीं, तर सुमारें चार मुलें उंचीच्या मानानें जड होतीं. दोन्ही दुःखें एकाच गांवांत, कधीं एकाच घरांतहि नांदतात.

येथें एक सावधगिरी हवी. तीन-चार वर्षांच्या वयांत हा संबंध सौम्य असतो; तो वयाबरोबर बळावत जातो. २००८ सालीं डेव्हिड स्टॉडन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याची उपपत्ति मांडली. ज्यास उडी नीट साधत नाहीं तें मूल खेळांतून अंग काढून घेतें. खेळ सुटला कीं वजन वाढतें. वजन वाढलें कीं उडी अधिकच अवघड होते. हें चक्र बालवयांत सैल असतें, आणि म्हणूनच तेथें तें मोडणें सोपें असतें.

आम्ही हें पुस्तकांतून शिकण्यापूर्वीं आमच्याच चुकीतून शिकलों. आमच्या वर्गांत पांच वर्षांचा एक जड अंगाचा मुलगा होता. सोबती त्यास "जाड्या" म्हणत. खेळांच्या दिवशीं तो पडूं नये, लोकांनीं हसूं नये, म्हणून आम्हीं त्यास शर्यतींतून वगळून दोरी धरावयास उभें केलें. ही आम्हांस दया वाटली. पुढें तो रोजच्या खेळांतहि आपण होऊन दोरी धरावयास जाऊं लागला, तेव्हां आम्हीं त्याचें काय हिरावून घेतलें होतें तें उमगलें. त्यानंतर आम्हीं त्यास रोज थोडें थोडें लंगडी, उड्या व चढणें शिकविलें, आणि नांवें ठेवणाऱ्यांस आंवरलें. वर्षअखेर तो पहिला आला नाहीं. पण रांगेंत उभा राहिला आणि धांवला.

तेव्हां पालकांनीं काय करावें? जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें आहे कीं, तीन-चार वर्षांच्या मुलानें दिवसभरांत निदान १८० मिनिटें हालचाल करावी व त्यांतील ६० मिनिटें तरी दम लागेल अशी असावी; पडद्यासमोर बसणें एका तासाहून अधिक नसावें; झोंप १० ते १३ तास असावी. ताटांत डाळ, अंडें, मासळी, भाजी असावी. बिस्किटें व गोड पेयें यांनीं पोट भरूं नये. जड मुलास उपाशी ठेवूं नये. त्यास वैद्यास दाखवावें व खेळूं द्यावें. आणि शेजारच्या बाळाशीं तुलना करून घाबरूं नये. दिल्लीसह पांच देशांतील निरोगी बालकांच्या पाहणींत कांहीं बालकें आठव्या महिन्यानंतर लौकरच एकटीं चालूं लागलीं, तर कांहींस साडेसतरा महिने लागले. त्याहून उशीर झाल्यास मात्र वैद्याचा सल्ला अवश्य घ्यावा.

शेवटीं धर्मग्रामास एक विनंती. आपल्या पूर्वजांनीं मंदिरासमोर मोकळें पटांगण राखलें. आज त्यांत बहुतेक वाहनें उभीं असतात. महोत्सवाची स्मृति म्हणून त्याचा एक कोपरा रोज सायंकाळीं लहानग्यांस सोडून द्यावा. बाळ येशू नासरेथ येथें ज्ञानानें तसाच शरीरानेंहि वाढत गेला, असें संत लूक सांगतो. आपल्या लेंकरांचीं शरीरें पवित्र आत्म्याचीं मंदिरें आहेत, हें आपण धर्मशिक्षणांत त्यांस शिकवितों. तीं मंदिरें धांवतीं, उड्या मारतीं ठेवण्याचा भार परमेश्वरानें आपणांवरच सोंपविला आहे. तो उचलण्याची कृपा तो आपणां सर्वांस देवो.