माडीचा उतार

जुन्या घराच्या माडीवर पोराने गोटी ठेवली, की ती आपली आपण एका कोपऱ्याकडे धावू लागते. पोरांना गंमत वाटते. मोठी माणसं म्हणतात, ‘घर जुनं झालं, चालायचंच.’ मीही तसंच म्हणत असे. मी काही इंजिनियर नव्हे. कॉलेजात इतिहास शिकवणारा माणूस. पण गावच्या आमच्या घराने मला जो धडा दिला, तो आज सांगतो.

आमची माडी भिंतीकडे उतरती झाली होती. वडिलांनी वर काँक्रीट घालून ती सपाट करून घेतली. ओझ्याचा हिशेब कोणीच केला नाही. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीत सरासरी दोन इंच काँक्रीट म्हणजे सुमारे ११०० किलो, सिमेंटच्या २२ पोत्यांचा भार! पुढच्याच पावसाळ्यात एका रात्री तुळई मोडली. तिच्याखाली आई निजत असे. त्या दिवशी ती मामांकडे गेली होती, म्हणून वाचली.

सकाळी पाहिलं, तर भिंतीत गेलेलं तुळईचं टोक गळतीने भिजून पार कुजलेलं. दुखणं तिथे होतं आणि लेप आम्ही भलतीकडेच लावला होता.

तेव्हा आधी दुखणं ओळखावं. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी धरा आणि कोणती जागा किती खाली आहे, ते खडूने लिहा. जमीन मधोमध खोल असेल, तर तुळई वाकली असावी. भिंतीकडे उतरत असेल, तर तुळईचं टोक दाभणाने टोचून पाहा. दाभण सहज आत शिरलं, तर लाकूड गेलं. खांबाकडे उतरत असेल, तर खांबाचा बुंधा वाळवीने खाल्ला आहे का, तळखडा खचला आहे का, ते तपासा. भिंतीच्या भेगेवर कागदाची पट्टी चिकटवून तारीख घाला. पट्टी फाटली, तर घर अजून हलतं आहे असं समजा.

मग माडीवरची धान्याची पोती खाली आणा, गळती थांबवा आणि जाणत्या माणसाकडून भक्कम टेकू देववा. त्यानंतरच कुजकं लाकूड बदलावं, वाकलेल्या तुळईला जोड द्यावी. माडी उचलायची ती जॅकने, रोज थोडी थोडी. घाई केली तर भिंती तडकतात. उतार जुना असेल, लाकूड निरोगी असेल आणि पट्टी वर्षभर शाबूत राहिली, तर तो खुशाल राहू द्या.

गोटी धावली, तर पोरांबरोबर हसावं जरूर; पण मग खाली जाऊन तुळई पाहावी.