एकच टेस्ट, दोन घड्याळं



अध्यक्षाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलावं, अशी हल्ली अपेक्षा असते. मी तारीख-वेळेच्या लायब्ररीच्या युनिट टेस्टवर बोलणार आहे. जेवणाची वेळ जवळ आली आहे, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

पायथनचं ‘डेटटाइम’ हे मॉड्यूल दोनदा लिहिलेलं आहे. २००३ मध्ये आलं ते सी भाषेतलं, आणि आपण रोज वापरतो तेही सीमधलंच. शुद्ध पायथनमधलं २०११ मध्ये, ३.२ आवृत्तीत आलं. त्याच वर्षीच्या ‘पेप ३९९’ या पायथनच्या सुधारणा-प्रस्तावाने दंडक घातला, की एखादं मॉड्यूल असं दुहेरी असेल तर दोन्ही रूपांना एकच टेस्ट-संच लावायचा.

हे करण्याची पद्धत मला फार आवडते. मॉड्यूल दोनदा इम्पोर्ट करतात, त्यातल्या एका वेळी सीमधला भाग मुद्दाम अडवून धरतात. मग प्रत्येक टेस्ट-क्लासच्या दोन प्रती निघतात, एकीच्या नावाला ‘प्युअर’ची शेपटी, दुसरीच्या नावाला ‘फास्ट’ची. टेस्ट लिहिणाऱ्याने समोर कोण आहे हे पाहायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचा.

या दोन रूपांची उत्तरं वेगळी पडू शकतात कुठे? ऋण संख्यांचा भागाकार घ्या. उणे सातला दोनने भागलं, तर सीचा पूर्णांक भागाकार शून्याच्या दिशेने सरकून उणे तीन देतो. पायथनचा खाली उतरून उणे चार देतो. म्हणून उणे एक मायक्रोसेकंदाचा कालावधी ‘उणे एक दिवस, ८६३९९ सेकंद, ९९९९९९ मायक्रोसेकंद’ असा साठवायचा, तर सीमध्ये ते हाताने सांभाळावं लागतं. अशा जागी सामाईक टेस्ट पगार वसूल करते. त्रुटी-संदेशातला शब्दन् शब्द मात्र तपासू नये, असं माझं मत आहे. अपवादाचा प्रकार जुळला की पुरे.

आपल्याकडे बरेच जण याहून सोपा मार्ग धरतात: हजारो यादृच्छिक तारखा दोन्हींना द्यायच्या आणि उत्तरं जुळली की हिरवा दिवा. फरक शोधायला हे उत्तमच. पण दोघांनी मिळून केलेली चूक त्यात कधीच सापडत नाही. उदाहरणार्थ, १९४३ च्या जूनमध्ये, युद्धामुळे, भारताची घड्याळं ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे होती. ही अपेक्षित किंमत इतिहासातून आणून टेस्टमध्ये हाताने लिहावी लागते. दुसऱ्या लायब्ररीला विचारून ती भरली, तर तिचाच गैरसमज आपण टेस्टमध्ये पक्का करून ठेवतो.

मुंबईचं प्रकरण आणखी अवघड. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी ‘मुंबई टाइम’ पुढे कित्येक वर्षं चालू राहिला, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. वेळ-विभागांच्या ‘टीझेड’ डेटाबेसमध्ये भारतासाठी एकच विभाग आहे, एशिया/कोलकाता. त्यामुळे १९२० ची मुंबई विचारली, तर तो डेटा वाचणारी प्रत्येक लायब्ररी एकमुखाने साडेपाच तास सांगेल. मी याला बग म्हणणार नाही. त्या डेटाबेसमधले विभाग १९७० नंतरच्या काळापुरतेच वेगळे केलेले आहेत, आणि टेस्टने करारापलीकडचं मागू नये. मात्र त्या काळातल्या मुंबईच्या नोंदी कोणी संगणकावर चढवत असेल, तर ही ३९ मिनिटं त्याला लायब्ररीच्या दस्तऐवजात ठळकपणे दिसली पाहिजेत. आज ती तिथे क्वचितच असतात.