यंत्राचे झाकण उघडले तेव्हा

(धुळे येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



गाणी टिपताना आलेल्या अनुभवांबद्दल बोल, असे मला सांगितले आहे. अनुभव पुष्कळ आहेत, पण आज एकच सांगते. तो स्क्रू-ड्रायव्हरचा आहे. मी एम.एस.डब्ल्यू. केले, त्यात केसवर्क होते, ग्रुपवर्क होते, स्क्रू-ड्रायव्हर नव्हता.

आपल्या खान्देशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. केंद्रात तीन-तीन बैठका गप्प बसलेली बाई झोक्यावर नवऱ्याचे, दिराचे, दारूचे सगळे गाऊन मोकळी होते. म्हणून आम्ही ही गाणी टिपायचे ठरवले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून गावोगावच्या जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. २०१७पासून ‘परी’ने ते सर्वांना खुले केले आहे. त्या ओव्या ऐकूनच आम्हाला धीर आला.

एक स्टुडिओ बंद होत होता, तिथून आम्हाला जुने यंत्र स्वस्तात मिळाले. एलेसिस कंपनीचे एचडी२४, २००१ साली बाजारात आलेले. त्यात २४ आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर एकाच वेळी हार्ड डिस्कवर उतरतात. एवढे मोठे धूड कशाला, असे आमच्यातल्याच काहींनी विचारले. पण एकच माइक मध्ये ठेवला की जिचा गळा मोठा तिचेच गाणे टेपवर येते. मागे बसून हळू म्हणणारी बाई ऐकूच येत नाही. आणि आम्हाला नेमकी तीच ऐकायची होती.

पहिल्या आखाजीला आठ बायका, आठ माइक. घरी येऊन एकेक पट्टी ऐकली आणि मी खालीच बसले. मोठ्या आवाजाच्या पट्ट्या छान. हळू गाणाऱ्या तिघींच्या पट्ट्यांत मात्र नुसती खरखर आणि तिच्याखाली दबलेले शब्द.

हे का होते ते समजून घ्यायला मला महिना लागला. माइकमधून आवाज विजेची लहर होऊन येतो. यंत्रातला कन्व्हर्टर त्या लहरीचे सेकंदाला ४८,००० वेळा माप घेतो आणि दर वेळी एक आकडा लिहितो. रेशन दुकानातला काटा डोळ्यांसमोर आणा. लहानात लहान माप पाव किलोचे असेल तर मूठभर डाळीचे वजन त्याला कळतच नाही. १६ बिटांच्या कन्व्हर्टरला ६५,५३६ पायऱ्या असतात, २४ बिटांच्या कन्व्हर्टरला १ कोटी ६७ लाखांहून जास्त. पण हे कागदावर. कन्व्हर्टरची स्वतःची खरखर असते, खालच्या पायऱ्या तिच्यातच बुडतात. चांगल्यातला चांगला २४ बिटांचा कन्व्हर्टरही प्रत्यक्षात २०-२१ बिटांपुरतेच काम करतो. आमच्या यंत्रावर २४ असे छापलेले होतेच! आकड्यांवर विसंबू नये, हे सरकारी अहवाल वाचणाऱ्या आपल्याला निराळे सांगायला नको.

या यंत्रासाठी कंपनीने पुढे ईसी-२ नावाचे जास्त चांगल्या कन्व्हर्टरचे बोर्ड काढले होते. आता नवे मिळत नाही. एका मैत्रिणीच्या भावाने परदेशातून जुने मिळवून पाठवले. बसवायला एका शहरातल्या दुकानात फोन केला, तर समोरून प्रश्न, “मॅडम, कुणी जेन्ट्स नाहीत का? त्यांना फोन द्या.” मी फोन ठेवला. आमच्या वस्तीतल्या एका मुलीने आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केले आहे. तिला बोलावले आणि दोघींनीच झाकण उघडले.

तिने आधी आमचे कपडे बदलायला लावले. उन्हाळ्याची कोरडी हवा, अंगावर सिंथेटिक साडी. हातातून बारीकशी ठिणगी गेली तरी बोर्ड मरते. सुती कपडे घातले, मनगटाला पट्टा बांधून त्याची तार अर्थिंगला जोडली. मग ती म्हणाली, “ताई, मंगळसूत्र लोंबतंय, काढून ठेवा.” बघायला जमलेल्या बायकांत कुजबुज झाली. एक मावशी म्हणाल्या, “नवऱ्यानं शंभर वेळा तोडलं तेव्हा काही झालं नाही, आता काय होतंय?” सगळ्या हसल्या. काढून ठेवले.

प्लग काढून अर्धा तास थांबलो, कारण वीज बंद केल्यावरही आत साठलेली असते. कुठली पट्टीतार कुठे जाते ते वहीत काढले. जुने बोर्ड निघाले, नवे बसले. चालू केले तर ९ ते १६ या पट्ट्या मुक्या. माझ्या हातचीच चूक, एक पट्टीतार अर्धवट बसली होती. पुन्हा सगळे उघडले. मग कुणीही न बोलता मिनिटभर शांतता टिपली आणि २४ पट्ट्या ऐकल्या.

खरखर कमी झाली होती, पण मी धरली होती तेवढी नाही. उरलेला दोष आमचा होता. लाल दिवा लागेल या भीतीने मी हळू गाणाऱ्यांचेही बटण खालीच ठेवले होते. गावात अर्थिंग नसल्यामुळे विजेचा घूंऽऽ आवाज येत होता, तो वेगळाच. आधी माइक तोंडाशी, मग बटण, मग अर्थिंग आणि शेवटी कन्व्हर्टर. आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. तुम्ही यंत्र घेणार असाल तर पैसे खर्च करण्याआधी एवढे करून बघा.

पुढच्या आखाजीला त्या तिघींपैकी दोघी आल्या. एकीच्या कानाला हेडफोन लावून फक्त तिची पट्टी ऐकवली. बराच वेळ ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “ताई, हाऊ मनाच आवाज शे का?” आणि पुन्हा लावायला सांगितले.

तिसरीला सासरच्यांनी पाठवले नाही. तिचे पहिल्या वर्षीचे गाणे आमच्याकडे आहे. जे आकडे तेव्हा लिहिले गेले ते तसेच राहतात, नवे बोर्ड त्यांना काही करू शकत नाही. मी ते पुन्हा पुन्हा लावून शब्द वहीत उतरवते आहे. अकरा ओळींपैकी सात लागल्या आहेत.