‘आमच्यामागे याचं कोण?’

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. वक्त्या ए विंगमधील रहिवासी असून बौद्धिक अक्षम मुलामुलींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या कार्यवाह आहेत. – संपादक मंडळ)



कमिटीने मला विषय दिला, ‘समाजसेवेतील माझा प्रवास’. मी सेक्रेटरींना तेव्हाच म्हटलं, प्रवासावर बोलायला मी काही नर्मदा परिक्रमा केलेली नाही. मी रोज सकाळी नऊच्या बसने संस्थेत जाते आणि संध्याकाळी परत येते. तेव्हा संस्था चालवणं म्हणजे दिवसभर नेमकं काय करणं, ते सांगते. आणि शेवटी एक मागणं आहे. ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे ‘गोड बोलून गळ घातली’ असं कुणाला वाटायला नको.

आमच्याकडे साठेक जण येतात. सहा वर्षांच्या चिमुरडीपासून सेहेचाळीस वर्षांच्या गृहस्थांपर्यंत. आम्ही सगळ्यांना ‘मुलं’च म्हणतो, आणि ही सवय वाईट आहे. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला ‘बाळा’ म्हटलं की त्याच्याशी बाळासारखंच वागलं जातं. आता आमच्या ताया अठरा वर्षांवरच्यांना ‘दादा’, ‘ताई’ म्हणतात. शब्दांचं काय घेऊन बसलात, असं तुम्ही म्हणाल. आधी ‘मतिमंद’ होतं, मग ‘विशेष’ आलं, आता ‘दिव्यांग’. मला स्वतःला ‘दिव्यांग’ फारसा भावत नाही. फिट येण्यात दिव्य काय आहे? पण सरकारी अर्जावर तोच लिहावा लागतो, म्हणून लिहिते.

ही माणसं आहेत तरी किती? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यातल्या साडेएकोणतीस लाखांच्या वर आपल्या महाराष्ट्रात. तेव्हा यादी छोटी होती. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. स्वमग्नता आली, थॅलेसेमिया आला, पार्किन्सन आला, ॲसिडहल्ल्यात भाजलेल्या व्यक्ती आल्या. म्हणजे आज या हॉलमध्ये बसलेल्यांपैकी काही जण त्या यादीत असतील आणि त्यांना ते ठाऊकही नसेल.

आता संस्था. लोकांना वाटतं, संस्था चालवायला मोठं मन लागतं. मन लागतंच, पण त्याआधी सात तारखेला पगार लागतो. विशेष शिक्षिका, फिजिओथेरपिस्ट, बसमधल्या दोन मावशी, स्वयंपाकाच्या मावशी. देणग्या येतात दिवाळीत आणि मार्चमध्ये. दिवाळीत मन हळवं असतं, मार्चमध्ये इन्कम टॅक्स असतो. पगार मात्र बाराही महिने द्यायचा असतो. जून-जुलै हे आमचे चातुर्मासाच्या आधीचे उपासाचे महिने! त्यातून धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, ८०जीच्या पावत्या. दोन हजारांवर रोख रक्कम दिली तर त्या देणगीवर करसवलत मिळत नाही. तेव्हा कृपा करून चेक द्या किंवा ऑनलाइन पाठवा. (हे मी प्रत्येक भाषणात सांगते. माफ करा.)

पैसे नसणं कठीण खरं, पण चुकीचे पैसे नाकारणं त्याहून कठीण. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला द्यावे लागतात. चांगलीच गोष्ट आहे. पण बऱ्याच कंपन्यांना वस्तू द्यायची असते, कारण वस्तूवर पाटी लावता येते. पगारावर पाटी कुठे लावणार? एका कंपनीने आम्हाला महागडं थेरपी यंत्र देऊ केलं. ते चालवायला माणूस हवा, त्याचे पैसे द्याल का, असं विचारलं. नाही म्हणाले. आम्हीही नको म्हणालो. त्यावर विश्वस्तांमध्ये दोन तास वाद झाला. ‘आलेली लक्ष्मी परत पाठवतेस?’ असं मला ऐकावं लागलं. पण कापडाखाली झाकून ठेवलेली यंत्रं मी अनेक ठिकाणी पाहिली आहेत. त्यांच्यावर मुलांचे नाहीत, पालींचे व्यायाम चालतात.

दुसरा प्रश्न वाढदिवसांचा. इथे बसलेल्या बऱ्याच जणांनी घरच्यांचे वाढदिवस अशा संस्थांमध्ये साजरे केले असतील. भावना चांगलीच असते. पण एका शनिवारी तीन केक आले, तर तीन वेळा टाळ्या वाजवायच्या, तीन वेळा ‘थँक्यू काका’ म्हणायचं. आमच्याकडच्या कित्येकांचं वजन आधीच जास्त आहे, दोघांना मधुमेह आहे. आम्ही नियम केला: या, पण मुलांबरोबर कामाला बसा, जे जेवण असेल तेच त्यांच्या पंगतीत जेवा, आणि वस्तू देतानाचा फोटो काढायचा नाही. एक जुने देणगीदार रागावले आणि यायचे बंद झाले. एक आजोबा मात्र दर गुरुवारी येऊन पाकिटं चिकटवत बसतात. त्यांचा वाढदिवस कधी असतो, ते मला अजून माहीत नाही.

कामाचं सांगायचं राहिलंच. आमची कार्यशाळा पणत्या, उटणं, कागदी पिशव्या करते. दर दिवाळीत आपल्या गेटजवळ आमचा स्टॉल लागतो आणि तुम्ही सगळे घेता, त्याबद्दल आभार. पण एक विनंती. मागच्या वर्षी एका वहिनींनी सांगितलं, ‘पणती गळत होती, पण म्हटलं जाऊ दे, बिचाऱ्यांनी केलेली.’ नका ‘जाऊ दे’ म्हणू. परत आणून द्या. गळकी पणती परत आली की दादा ती पाण्यात धरून बघतात, भोक शोधतात, आणि पुढच्या वेळी रंगाचा हात नीट देतात. बिचारा म्हटलं की माणूस शिकायचा थांबतो.

याबाबतीत मी कोल्हापूरच्या नसीमादीदींकडे बघते. नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र आपल्या सोसायटीच्या लायब्ररीच्या कपाटात आहे. ऐन तारुण्यात कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पुढे त्यांनी नोकरी केली आणि १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. आपल्याकडे अपंगांसाठी संस्था पुष्कळ निघाल्या, पण चालवणारा माणूसच चाकाच्या खुर्चीवर, असं फार थोड्या ठिकाणी दिसतं. तिथे उंबरठा किती उंच असावा, हे ठरवायला समिती नेमावी लागत नाही. आमच्या क्षेत्रात हा फरक फार मोठा आहे. आम्ही आमच्या कार्यकारिणीत दोन पालक आणि कार्यशाळेतले एक दादा घेतले आहेत. दादा ठरावांवर फारसं बोलत नाहीत. पण ‘बस उशिरा येते’ हा मुद्दा त्यांनी सलग चार सभांमध्ये मांडला आणि शेवटी मार्ग बदलायला लावला. मी स्वतः तो मुद्दा ‘इतर विषयां’त ढकलला असता.

उंबरठ्यावरून आठवलं. आपल्या बी विंगच्या दारात तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी सहा इंचांच्या. म्हणजे चढ अठरा इंच. रॅम्पचं गणित एकास बारा असं असतं, एक फूट चढाला बारा फूट लांबी. म्हणजे अठरा इंचांना अठरा फूट. आपल्याकडे जो सहा फुटांचा उतार केला आहे ना, तो स्कूटर चढवायला ठीक आहे. त्यावरून चाकाची खुर्ची कुणी एकट्याने नेऊ शकत नाही, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आपल्या काकू तर भिंतीला धरून उतरतात. पंचवीस वर्षांपूर्वी आपण सगळे इथे राहायला आलो तेव्हा पस्तिशीत होतो. आता हिशेब करा.

आता मूळ मुद्द्यावर येते.

आमच्याकडे पालकांची सभा असते. त्यात एक प्रश्न कधी ना कधी येतोच: आमच्यामागे याचं कोण? एक आई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, मुलगा सेहेचाळीसचा. त्या मला म्हणाल्या, ‘ताई, मी देवाकडे एकच मागते, याला माझ्या आधी एक दिवस ने.’ आईने असं मागावं! आणि हे मागणारी ती एकटीच आई नाही. प्रत्येक बॅचमध्ये निदान एक जण तरी हेच वाक्य मला बोलून दाखवते.

यात कागदोपत्री जे करता येतं, ते आम्ही करतो. पुष्कळ पालकांना ठाऊक नसतं, की मूल अठरा वर्षांचं झालं की आईबाप आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. बँकेत किंवा मालमत्तेच्या कामात अडलं की मग धावपळ होते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घेता येतं. ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. तुमच्या नात्यात, गावाकडे, कुणी स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी असलेलं किंवा बौद्धिक अक्षम असेल, तर हे दोन शब्द त्यांना जरूर सांगा.

पण कागद माणसाला रात्री पांघरूण घालत नाही. भाऊ-बहिणी असतात, पण कुणी पुण्याला, कुणी न्यू जर्सीला. मोठमोठी वसतिगृहं आहेत, ती भरलेली आहेत. आणि खरं सांगू का, साठ खाटांच्या हॉलमध्ये उरलेलं आयुष्य घालवावं असं काय त्यांनी केलं आहे? म्हणून चार जणांनी एका साध्या फ्लॅटमध्ये राहावं, दिवसा कार्यशाळेत जावं, संध्याकाळी घरी यावं, अशी कल्पना. ती माझी नाही, जगभर चालते. २०१६ च्या कायद्यातही समाजात राहण्याचा हक्क म्हणून ती लिहिली आहे. पण मी इथे कायदा घेऊन आलेले नाही.

बी विंगचा तळमजल्यावरचा फ्लॅट त्याच्या मालकांनी आम्हाला भाड्याने द्यायची तयारी दाखवली आहे. चार दादा राहतील, वय अठ्ठावीस ते सेहेचाळीस. दिवसा एक आणि रात्री एक असा मदतनीस कायम असेल. मला हे माहीत आहे, की यावरून गेले तीन आठवडे जिन्यात बरीच चर्चा झाली आहे. ती जिन्यात राहू नये म्हणून इथे बोलते.

पहिली भीती मुलांची. आपली मुलं अंगणात खेळतात, यांचं काही…? मी या चौघांना बारा-पंधरा वर्षं ओळखते. कुणीही कुणावर हात उगारलेला नाही. एक जण मोठ्याने हसतो. एक जण प्रत्येकाला ‘जेवलात का?’ असं विचारतो, तेही दिवसातून चार वेळा. तुम्ही कंटाळाल, हे मात्र खरं.

दुसरी भीती फिटची. चौघांपैकी एकाला फिट येते, वर्षातून एकदा-दोनदा. समोर आली तर घाबरू नका. कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा, डोक्याखाली काही मऊ सरकवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांच्या आत थांबली नाही तर दवाखान्यात न्यायचं. हे तर आपल्या सगळ्यांनाच यायला हवं, फिट काही विंग बघून येत नाही.

तिसरी भीती कुणी तोंडावर बोलत नाही, ती फ्लॅटच्या किमतीची. यावर माझ्याकडे उत्तर नाही. किमती वाढतील असं मी म्हणणार नाही, कमी होतील असंही मला वाटत नाही. एवढंच सांगते, की चौघांचा मेन्टेनन्स दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत येईल. खजिनदार मान हलवताहेत, कारण आपल्याकडे असं म्हणणारे फार नाहीत.

आणि पूर्ण वर्षाचा करार नकोच म्हणते मी. आधी सहा महिने बघा. काही अडचण आली तर मला फोन करा, रात्री दोनला केलात तरी चालेल. सहा महिन्यांनी सभेत पुन्हा बोलू.

विशेष सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी या रविवारी दुपारी चार वाजता चौघंही त्या फ्लॅटवर येणार आहेत, स्वयंपाकघर बघायला आणि आपापली खाट ठरवायला. ज्यांना भेटायचं आहे त्यांनी जरूर या. चहा तेच करतील, साखर जरा जास्त असते. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी आधी सांगा. आता काही विचारायचं असेल तर विचारा.