धनवान आणि त्यांचा द्वेष
(महोत्सवाच्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



श्रीमंत मनुष्य लोभी असावयाचाच, असे आपण सहज बोलून जातो. या बोलण्यात सत्य किती व द्वेष किती, याचा आज थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

लोभ थैलीच्या आकारावरून मोजता येत नाही. दोन बिघ्यांचा धनी नांगरटीच्या वेळी शेजाऱ्याचा बांध कोरतो, तोही लोभीच होय. मात्र ज्याच्या हाती पैसा अधिक, त्याचा लोभ अधिक घरे बुडवितो, हेही तितकेच खरे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) आपल्या इकडील कापसास मोठा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळला, आणि पुणे व नगरकडील कुणबी कर्जात रुतला. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोक सावकारांवर उठले. त्यांनी मुख्यतः कर्जरोखे मागितले व जाळले. जेथे रोखे मुकाट्याने मिळाले, तेथे बहुधा सावकाराच्या अंगास हात लागला नाही. दंग्याचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु त्या लोकांचा रोष धनावर नसून अन्यायावर होता. सरकारासही तो ओळखावा लागला, व १८७९ साली शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला.

आता आपल्या खानदेशाकडे पाहा. अमळनेरच्या प्रताप शेठजींनी गिरणी चालविली, आणि १९१६ साली तेथेच तत्त्वज्ञान मंदिर उभारिले. त्याच गावी १९४५ साली प्रेमजी कुटुंबाने वनस्पती तुपाचा कारखाना काढिला. तीच पुढे विप्रो कंपनी झाली. गावातील सामान्य माणसांनी तिचे शेअर घेतले, आणि त्यांतील कित्येकांची घरे वर आली. अझीम प्रेमजी यांनी धर्मादायास दिलेले धन मार्च २०१९ पर्यंत सुमारे १ लक्ष ४५ हजार कोटी रुपयांवर गेले. जे धन वाहते राहते, त्याचा द्वेष करण्यास लोकांस सहसा कारण उरत नाही. तथापि दानाने मजुरी फिटत नाही. कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी अडवून देवळास घंटा देणाऱ्याने प्रथम त्या बाईचे देणे द्यावे. जक्कयानेही अर्धी मालमत्ता गरिबांस देऊ केली, तेव्हाच लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले.

परंतु अन्याय नसतानाही द्वेष उपजतो. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यात पहाटे आलेल्यांस ठरलेली मजुरी पुरी मिळाली. उशिरा आलेल्यांसही तितकीच मिळाली, एवढेच त्यांचे दुःख. दूरच्या राजाचे वैभव आपणांस सलत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीस पाणी लागले की मात्र झोप उडते.

या महोत्सवाच्या देणगीदारांची यादी लागली, तेव्हा झालेली कुजबुज आमच्याही कानी आली. "याला परवडते, म्हणून देतो," असे कोणी म्हणाले. ज्यांची नावे वर आहेत, त्यांनी विधवेच्या दोन दमड्यांचे स्मरण ठेवावे. ज्यांची नावे खाली आहेत, त्यांनी कुरकुरण्यापूर्वी स्वतःस एवढेच विचारावे: माझे कोणी काही हिरावले आहे काय? हिरावले असेल, तर निर्भयपणे बोला. आम्ही आपल्या पाठीशी उभे राहू. नसेल, तर शेजाऱ्याच्या सुखात सुख माना.

देव आपणां सर्वांस उघडा हात व निर्मळ दृष्टी देवो.